घरातली गुणगुण आणि खोपोलीचे पाणी

ट्रान्झिस्टर रेडिओ सेलवर चालवला, की स्टेशन नसलेल्या जागी नुसती खरखर ऐकू येते. तोच रेडिओ भिंतीतल्या प्लगला जोडला, की खरखरीच्या खाली एक बारीक, सलग 'घूंऽऽ' असा आवाज येऊ लागतो. टेपरेकॉर्डर, अँप्लिफायर, शाळेचा लाऊडस्पीकर, सगळ्यांचे हेच. दुरुस्ती करणारे याला 'हमिंग' म्हणतात. गाण्याच्या ठेक्याशी त्याचा संबंध नसतो, आणि गाणे थांबले तरी तो थांबत नाही.

सेलवर नाही आणि विजेवर आहे, म्हणजे हा आवाज विजेबरोबर घरात येतो हे उघड आहे. मग तो विजेत कुठून आला? मुंबई आणि तिच्या आसपासच्या परिसरापुरते उत्तर द्यायचे, तर त्याचा माग कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत, सह्याद्रीच्या पायथ्याशी जाऊन पोचतो. तो माग काढला तर हमिंग कसे शोधावे आणि कसे घालवावे हेही आपोआप समजते. आणि ते घालवताना कोणती एक गोष्ट कधीही करू नये, हेही कळते.

घाटाखालची चाके

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या कापडगिरण्या वाफेवर चालत. कोळसा दुरून आणावा लागे. घाटमाथ्यावर लोणावळ्याच्या परिसरात कोसळणारा पाऊस अडवून ते पाणी कोकणच्या बाजूला सोडावे आणि त्यापासून वीज करावी, ही कल्पना डेव्हिड गॉसलिंग यांनी जमशेटजी टाटांपुढे मांडली. जमशेटजी १९०४ साली वारले. पुढे त्यांच्या मुलांनी ती योजना हाती घेतली. १९१० साली कंपनी स्थापन झाली, १९११ साली कोनशिला बसली आणि ८ फेब्रुवारी १९१५ रोजी खालापूर तालुक्यातील खोपोलीचे वीजघर मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या हस्ते सुरू झाले. लोणावळा, वळवण आणि शिरवटा ही त्याची तळी. वीज सुमारे एक लाख व्होल्ट दाबाने, सुमारे ७० किलोमीटर लांबीच्या तारांवरून परळला पोचवली जाई.

त्यानंतर १९२२ साली कर्जत तालुक्यात भिवपुरीचे वीजघर सुरू झाले. त्याला आंध्रा नदीवरच्या ठोकरवाडी धरणाचे पाणी मिळते. १९२७ साली आणखी दक्षिणेला भिऱ्याचे वीजघर आले. त्यासाठी मुळशीचे धरण बांधताना मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. त्याविरुद्ध १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. मुंबईच्या दिव्यांचा हिशेब मांडताना ही बाजूही विद्यार्थ्यांना सांगायला हवी.

या वीजघरांनी नद्यांचेही रूप बदलले. चाके फिरवून बाहेर पडलेले पाणी खोपोलीहून पाताळगंगेत आणि भिवपुरीहून पेज नदीत येते. म्हणून कोकणातल्या इतर छोट्या नद्या उन्हाळ्यात आटतात तेव्हाही या दोन नद्या वाहत्या राहिल्या. घाटमाथ्यावर पूर्वेकडे वाहून बंगालच्या उपसागरात गेले असते, असे हे पाणी पश्चिमेकडे वळून अरबी समुद्राला मिळते.

आता थोडे गणित करू. खोपोलीला पाणी ५०० मीटरांहून अधिक उंचीवरून खाली येते. ५०० मीटर धरले आणि नळातले घर्षण सोडून दिले, तर पायथ्याशी पाण्याचा वेग २ × ९.८ × ५०० चे वर्गमूळ, म्हणजे सेकंदाला ९९ मीटर येतो. ताशी सुमारे ३५६ किलोमीटर! अशा वेगाची धार वाट्या बसवलेल्या चाकावर आदळते. हे पेल्टनचे चाक. वाटीचा वेग धारेच्या वेगाच्या निम्मा असला, की पाण्याची ऊर्जा जास्तीत जास्त काढून घेता येते. म्हणजे वाटी सेकंदाला सुमारे ५० मीटर जायला हवी.

समजा, हे चाक सेकंदाला ५ फेरे, म्हणजे मिनिटाला ३०० फेरे करते. एका फेऱ्यात वाटी १० मीटर जाईल. चाकाचा व्यास ३ मीटरांपेक्षा थोडा जास्त निघेल. याच आसावर २० चुंबकीय ध्रुव असलेले जनित्र बसवले, तर दर फेऱ्याला प्रवाहाची १० आवर्तने होतील आणि सेकंदाला ५०. आपल्या घरात येणाऱ्या विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ आहे, ती अशी चाकाच्या फिरण्यातून येते. घरातल्या गुणगुणीचा मूळ सूर हाच.

पन्नासच का?

हा आकडा निसर्गाने दिलेला नाही. १८९१ साली जर्मनीत लाउफेन ते फ्रँकफुर्ट अशी १७५ किलोमीटर वीज नेऊन दाखवली गेली, तिची वारंवारता ४० होती. १८९५ साली नायगाऱ्याला २५ हर्ट्‌झ निवडली गेली. आपल्याकडे म्हैसूर संस्थानात १९०२ साली कावेरीवरच्या शिवसमुद्रमहून कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज गेली, तीही २५ हर्ट्‌झचीच.

कमी वारंवारता मोठ्या यंत्रांना आणि लांबच्या तारांना सोयीची, पण २५ हर्ट्‌झवर दिवे लुकलुकताना डोळ्यांना जाणवतात. वारंवारता फार वाढवली, तर रोहित्रांत आणि तारांत अडचणी वाढतात. जर्मनीतील कारखानदारांनी मधला आकडा म्हणून ५० निवडला, अमेरिकेत ६० रुळला. आपल्याकडे खोपोलीची वीज ५० हर्ट्‌झची होती आणि पुढे देशभर तोच आकडा कायम झाला. म्हणून मुंबईतले हमिंग आणि न्यूयॉर्कमधले हमिंग यांच्या सुरात सुमारे तीन स्वरांचा फरक असतो. एखाद्या जुन्या ध्वनिमुद्रणाच्या मागे राहिलेल्या गुणगुणीवरून ते कोणत्या देशात केले असावे याचा अंदाज करता येतो, तो त्यामुळेच.

ऐकणारे यंत्र आले

गिरण्यांच्या मोटारींना आणि दिव्यांना या ५० आवर्तनांचा काही त्रास नव्हता. प्रश्न निर्माण झाला तो विजेवर चालणारे, आणि आवाज काढणारे यंत्र घरात आले तेव्हा. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. तोपर्यंतचे रेडिओ मुख्यतः बॅटरीवर चालत. बॅटरीचा प्रवाह एकाच दिशेने आणि सारख्या जोराने वाहतो, त्यात आवर्तने नसतात. हमिंगचा प्रश्नच नव्हता. पण बॅटऱ्या महाग, जड आणि पुनःपुन्हा भराव्या लागणाऱ्या. साहजिकच रेडिओ घरातल्या विजेवर चालवण्याची खटपट सुरू झाली.

पहिली अडचण व्हॉल्व्हची. व्हॉल्व्हमधली तार तापवायला प्रत्यावर्ती प्रवाह वापरला, की ती सेकंदाला पन्नास आवर्तनांच्या प्रवाहाबरोबर कमीजास्त होई आणि तेच स्पीकरमधून ऐकू येई. त्यावर उपाय निघाला तो असा : तापणारी तार वेगळी ठेवायची आणि तिच्याभोवतीची एक नळी तिने तापवायची. इलेक्ट्रॉन बाहेर पडतात ते या नळीतून. नळी हळूहळू तापते आणि हळूहळू थंड होते, म्हणून पन्नासाची धडधड तिच्यापर्यंत पोचत नाही. तापल्या तव्यावर भाकरी टाकताना खालची ज्योत क्षणभर हलली, तरी तव्याला ते कळत नाही, तसेच हे.

दुसरी अडचण प्रवाह एकदिश करण्याची. प्रत्यावर्ती प्रवाहाची उलटी अर्धी लाट सुलटी केली, की दिशा एक होते, पण उंचवटे राहतातच. आणि एका आवर्तनात आता दोन उंचवटे येतात. म्हणून हे हमिंग ५० चे नसून १०० हर्ट्‌झचे असते. ते सपाट करायला कंडेन्सर लावतात. कंडेन्सर पाण्याच्या टाकीसारखा. नळाला पाणी थांबत थांबत आले, तरी टाकीखालच्या तोटीला धार सलग मिळते.

त्या काळच्या कारागिरांनी आणखी एक युक्ती काढली होती. तेव्हाच्या अनेक स्पीकरांत कायमचा चुंबक नसे, वेटोळ्यातून प्रवाह सोडून विद्युत्‌चुंबक करावा लागे. त्या प्रवाहात उरलेले उंचवटे स्पीकरला हलवत. म्हणून स्पीकरच्या कंपन पावणाऱ्या वेटोळ्याला काही उलटे वेढे जोडत. त्यांच्यात तेच हमिंग उलट्या दिशेने येई आणि दोन्ही एकमेकांना मारून टाकत. हमिंगचा काटा हमिंगनेच काढायचा! ही कल्पना पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

खोपोली-भिवपुरीच्या तारा निघाल्या त्या मुंबईसाठी. खेडोपाडी वीज पोचवण्याच्या कामाला वेग आला तो १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाल्यानंतर. ट्रान्झिस्टर रेडिओ गावोगाव पोचला तेव्हा अनेक गावांत तो सेलवरच चालत होता. वीज नव्हती, म्हणून हमिंगही नव्हते.

आगगाडीची भर

कर्जतच्या परिसरात या गुणगुणीला आणखी एक सोबती होता. १९२९-३० मध्ये कल्याण-पुणे मार्गाचे विद्युतीकरण झाले. घाट चढणाऱ्या गाड्यांना १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह दिला जाई. प्रत्यावर्ती विजेचा एकदिश प्रवाह करणारी उपकेंद्रे रुळांच्या कडेने बसवलेली असत. तीन फेजची वीज एकदिश केली, की साधारणपणे एका आवर्तनात सहा उंचवटे येतात, म्हणजे ३०० हर्ट्‌झ. अशा प्रवाहाच्या तारांना समांतर टेलिफोनच्या तारा गेल्या, की त्यांच्यात हा सूर उमटण्याची भीती असते. ३०० हर्ट्‌झ हा माणसाच्या बोलण्याच्या पट्ट्यातला असल्याने तो कानाला चटकन बोचतो.

पुढे रेल्वेने २५,००० व्होल्टचा ५० हर्ट्‌झ प्रत्यावर्ती प्रवाह स्वीकारला आणि २०१६ पर्यंत मुंबई विभागातील एकदिश प्रवाहाचे युग संपले. पण प्रत्यावर्ती प्रवाह शेजारच्या तारांत विजेचा दाब अधिक सहज निर्माण करतो. त्यामुळे रुळांशेजारच्या संदेशवाहक तारा जमिनीखालच्या आवरणयुक्त केबलांत घालणे आणि रुळांतून जमिनीत पसरणारा प्रवाह आवरणे, अशी काळजी घ्यावी लागते.

सुरावरून चोर ओळखणे

इतिहासातून आपल्या हाती एक साधे हत्यार आले आहे, ते म्हणजे हमिंगचा सूर. पेटीवर पांढरी पाच धरली, तर प्रमाण पट्टीत तिचा खर्जाकडचा सूर ९८ हर्ट्‌झचा असतो. १०० हर्ट्‌झचे हमिंग त्याच्या किंचित वर येते आणि ५० चे त्याच्याही एक सप्तक खाली. छोट्या स्पीकरमधून ५० चा सूर जेमतेमच ऐकू येतो, मोठ्या स्पीकरमधून छातीला जाणवतो.

शाळेच्या अँप्लिफायरमध्ये हमिंग येत असेल, तर पुढील क्रमाने जावे.

१. आधी कान स्पीकरला न लावता अँप्लिफायरच्या पेटीजवळ न्यावा. आवाज पेटीतूनच येत असेल, तर तो रोहित्राच्या पत्र्यांचा आहे. रस्त्यावरचे रोहित्र घुमते तसाच. पत्रे घट्ट केले की तो कमी होतो.

२. आवाज स्पीकरमधून येत असेल, तर आवाजाचे बटण शून्यावर आणावे. तरीही हमिंग तेवढेच राहिले आणि ते १०० हर्ट्‌झचे वाटले, तर संशय वीजपुरवठ्याच्या मोठ्या कंडेन्सरवर घ्यावा. हे कंडेन्सर उष्णतेने वर्षानुवर्षे आतून सुकत जातात, टाकी लहान होत जाते. तो बदलण्याचे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे, कारण प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते. जुन्या व्हॉल्व्हच्या सेटमध्ये ती शेकडो व्होल्टची असते.

३. बटण शून्यावर आणताच हमिंग गेले, तर ते आधीच्या भागातून येत आहे. मग मायक्रोफोन, टेप, मिक्सर यांच्या तारा एकेक करून काढाव्यात. जी काढल्यावर शांतता होते, ती दोषी. तिचे बाहेरचे जाळीदार आवरण पिनेजवळ तुटलेले असण्याचा संभव फार. आवरण तुटले, की आतली तार हवेतले ५० हर्ट्‌झ पकडते.

४. मायक्रोफोनची तार विजेच्या तारेबरोबर एकाच जुडग्यात बांधलेली असेल, तर ती दूर करावी. दोन्हींना एकमेकांवरून जावेच लागले, तर काटकोनात जाऊ द्यावे.

५. लांब अंतरासाठी तीन पिनांची, दोन पिळलेल्या तारांची केबल वापरावी. दोन्ही तारांत हमिंग सारखेच शिरते, आवाज मात्र एकीत सुलटा व दुसरीत उलटा असतो. अँप्लिफायर दोन्हींची वजाबाकी करतो. हमिंग जाते, आवाज उरतो. जुन्या स्पीकरमधल्या उलट्या वेढ्यांचीच ही पुढची पायरी.

जी गोष्ट करू नये

एवढे करूनही हमिंग राहिले, तर बहुधा दोन अर्थिंगचा घोटाळा असतो. समजा, मिक्सर सभागृहातल्या प्लगवर आहे आणि अँप्लिफायर कार्यालयातल्या. दोन्हींच्या पेट्या आपापल्या ठिकाणी अर्थला जोडलेल्या आहेत आणि आवाजाच्या केबलच्या आवरणाने एकमेकींनाही. आता अर्थ, आवरण आणि पुन्हा अर्थ असे एक मोठे कडे तयार झाले. दोन ठिकाणच्या अर्थच्या विद्युत्‌दाबात थोडासा फरक असला, तरी या कड्यातून ५० हर्ट्‌झचा प्रवाह वाहतो आणि आवाजात मिसळतो. कर्जत-खालापुरात मुरूम आणि काळ्या खडकाची जमीन असलेल्या ठिकाणी उन्हाळ्यात अर्थचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग दुबळे होते. अशा वेळी हा फरक वाढू शकतो.

यावर एक झटपट उपाय सर्रास केला जातो. प्लगची वरची जाड पिन कापून टाकायची किंवा दोन पिनांचा प्लग लावायचा. कडे तुटते, हमिंग जाते आणि सगळे खूष होतात. हीच गोष्ट कधीही करू नये.

ती पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब आणि जाड असते. प्लग बसवताना आधी ती लागावी आणि काढताना शेवटी सुटावी, म्हणून. अँप्लिफायरच्या आत एखाद्या तारेचे वेष्टण खराब होऊन ती पत्र्याच्या पेटीला टेकली, तर वीज या पिनेवाटे जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. पिन नसेल तर फ्यूज उडत नाही. पेटी, केबलचे आवरण आणि मायक्रोफोनचा धातूचा दांडा, सगळ्यांवर २३० व्होल्ट उभे राहतात. आता डोळ्यांपुढे १५ ऑगस्टची सकाळ आणा. कोकणातला पाऊस, ओले मैदान, अनवाणी मूल, हातात मायक्रोफोन. हमिंग गेले म्हणून आपण समाधानी, आणि ते मूल त्या दाबाला जमिनीशी जोडणारी तार!

योग्य उपाय फारसे अवघड नाहीत. सगळी यंत्रे एकाच बोर्डवरून, एकाच अर्थला जोडावीत. बहुतेक वेळा एवढ्यानेच भागते. न भागल्यास आवाजाच्या वाटेवर एक छोटे विलगीकरण रोहित्र बसवावे. आवाज चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो, पण दोन पेट्यांमध्ये तारेचा सांधा राहत नाही. तोडायचे कडे ते इथे, आवाजाच्या तारेत. विजेच्या प्लगात नाही. शाळेच्या अर्थच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालावे, वर्षातून एकदा तंत्रज्ञाकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच मुख्य बोर्डवर बसवून घ्यावा.

एका देशाचा एक सूर

वर्गात करून पाहण्यासारखा एक प्रयोग आहे. सेलवर चालणारा छोटा अँप्लिफायर घ्या. त्याला भिंतीतला प्लग मुळीच जोडू नका. आत येणाऱ्या आवाजाच्या तारेच्या टोकाला बोट लावा. 'घूं' असा आवाज येईल. भिंतींतल्या तारांचे ५० हर्ट्‌झ आपल्या शरीराने पकडले. आता तोच अँप्लिफायर तारा नसलेल्या मोकळ्या मैदानात न्या. आवाज खूपच कमी होईल. उच्चदाबाच्या मनोऱ्यांच्या किंवा रेल्वेच्या तारांच्या जवळ मात्र जाऊ नका.

हा सूर नेहमी नेमका ५० चाच असतो का? खोपोलीच्या चाकावर भार वाढला, की ते मंदावू पाहते. मग नियंत्रक पाण्याची तोटी थोडी अधिक उघडतो. भार कमी झाला, की बंद करतो. पण साऱ्या वीजघरांची मिळून क्षमताच अपुरी पडली, तर सगळीच चाके मंदावतात. १९९० च्या दशकात आपल्याकडे हे वारंवार होई. सायंकाळी मागणी वाढली, की वारंवारता ४९ च्याही खाली जाई. ४९ ला दुप्पट करा : ९८. म्हणजे त्या संध्याकाळी १०० चे हमिंग उतरून थेट पांढरी पाचवर येत असे! तयार कानाला हा फरक कळण्याजोगा आहे. २००२ सालापासून पश्चिम विभागात विजेचा दर वारंवारतेशी जोडला गेला, आणि हळूहळू शिस्त आली. आता ती ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात ठेवण्याचा नियम आहे.

३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाच्या जाळ्याशी एकरूप झाले. तेव्हापासून या जाळ्यातली सर्व जनित्रे, जलविद्युत असोत की औष्णिक, एकाच तालात फिरतात. श्रीनगरातला पंखा आणि तिरुवनंतपुरमचा रेडिओ यांच्यामागे एकच सूर आहे. खोपोलीची पहिली चाके केव्हाच बदलली गेली, पण खोपोली आणि भिवपुरीची नवी चाकेही त्याच समूहगानात आहेत.

तेव्हा पुढच्या वेळी शाळेचा लाऊडस्पीकर गुणगुणू लागला, तर आधी मुलांना तो सूर पेटीवर शोधायला सांगा. पन्नास की शंभर, हे ठरले की निम्मा शोध लागला. उरलेला निम्मा तारा एकेक करून काढत लावायचा आहे. प्लगची जाड पिन मात्र जिथे आहे तिथेच राहू द्या.